पद्मिनी, कडुनिंब आणि पोचा

गाड्यांच्या इतिहासावरची पुस्तकं मी बरीच चाळली आहेत. त्यात इंजिन असतं, अश्वशक्ती असते, कंपनीच्या मालकांची भांडणं असतात, शर्यती असतात. नसतो तो डेंटिंगवाला मिस्त्री. गाडी कारखान्यातून बाहेर पडली की पुस्तकाच्या लेखी तिचा जन्म पूर्ण होतो. पण आपल्या देशात गाडीचं खरं आयुष्य त्यानंतरच सुरू व्हायचं. ती ठोकली जायची, सरळ व्हायची, पुन्हा ठोकली जायची, आणि असं करत चाळीस-चाळीस वर्षं चालायची.

तर मंडळी, या विकांताचा विषय: प्रीमियर पद्मिनी आणि तिचे पोचे. म्हणजे अपघातात चेमटलेली जुनी गाडी अकोल्यासारख्या गावात, घरच्या अंगणात, झाडाला साखळी बांधून सरळ करता येते ती का, आणि हे शक्य होण्यामागे कोणता इतिहास आहे. माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो. हे शक्य आहे याचं थोडं श्रेय इटालियन इंजिनियरांना जातं आणि बरंचसं आपल्या परवाना-राजला. आणि या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे, ती फारशी सुखाची नाही. तिच्याकडेही येऊच.

आधी आमच्या गाडीबद्दल दोन शब्द. १९८६ची पद्मिनी, आजोबांनी घेतलेली, आता बाबांकडे. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे गाडीवर माझा हक्क दिवाळी आणि उन्हाळ्यापुरताच. एका दिवाळीनंतर मंडपाचं सामान नेणारी एक ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीत मागे येताना घराबाहेर उभ्या असलेल्या पद्मिनीच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात घुसली. बंपर वाकला, डिकी लागेना, मागच्या चाकावरचा पत्रा आत गेला, दिव्याची काच फुटली. ट्रॉलीवाल्याने हात जोडले, बाबांनी त्याला चहा पाजून पाठवून दिलं आणि विषय संपला. मग प्रश्न उरला: आता हिचं करायचं काय? त्याचं उत्तर शोधता शोधता मी थेट १९३० च्या दशकापर्यंत मागे गेलो.

भारतात मोटारीचा कारखाना काढायची कल्पना सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मांडली आणि मुंबईसाठी तशी योजनाही तयार केली. ती पुढे रेटली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. हा माणूस एका आयुष्यात जहाजं, विमानं आणि मोटारी अशा तिन्हींच्या मागे लागला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने मोटारीच्या कारखान्याला काही हात दिला नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या होत्या डॉज, डिसोटो, प्लिमथ. सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि इथे जोडले जायचे.

पुढे फियाट आली. १९५१ च्या सुमारास छोटी फियाट ५००, आणि १९५४ मध्ये फियाट ११००, जिला जुने लोक अजून 'मिलेचेंतो' म्हणतात (इटालियनमध्ये अकराशे). ही गाडी जिनिव्हात १९५३ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली. तिच्यामागचा इंजिनियर दांते जिआकोसा. पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिल १९५३ रोजी, वालचंद वारले. म्हणजे ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचं नाव घरोघरी नेलं, ती इथे बनताना त्यांनी पाहिलीच नाही.

१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. त्या वर्षी सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून ठरवलं की ज्यांच्याकडे हळूहळू पूर्ण गाडी इथेच बनवायची योजना आहे, त्यांनीच भारतात राहावं. नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही होती. दोघांनी १९५४ च्या आसपास गाशा गुंडाळला. धोरण म्हणून ते बरोबर की चूक यावर दोन इंजिनियर रात्रभर भांडू शकतात. मला त्याच्या एका परिणामात रस आहे. देशभर हजारो शेव्हरले आणि फोर्ड रस्त्यावर होत्या, आणि त्यांचा मायबाप देश सोडून गेला. आता मडगार्ड चेमटलं तर नवीन आणायचं कुठून? आयातीवर बंधनं. मग आहे त्याच पत्र्याला हातोडीने सरळ करणं आलं.

आपल्याकडच्या डेंटिंगच्या धंद्याला बळ मिळालं ते इथून, असं मला वाटतं. पत्रा ठोकणारी माणसं अर्थातच आधीपासून होती. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे तांबट जे काम करतात त्याला 'मठारणे' असा सुंदर शब्द आहे. भांड्याच्या आत लोखंडी आधार धरायचा, बाहेरून हलक्या हातोडीचे एकसारखे ठोके द्यायचे, म्हणजे पत्रा गुळगुळीत आणि कडक होतो. डेंटिंगवाला तेच करतो. फक्त आधाराच्या जागी हातात धरायचा लोखंडी ठोकळा असतो, ज्याला तो 'डॉली' म्हणतो, आणि हंड्याच्या जागी फियाट.

आता परवाना-राजची करामत बघा. १९६४ मध्ये इथे ११०० चं नवं मॉडेल आलं, 'डिलाइट'. इटलीत हेच मॉडेल १९६६ मध्ये बंद झालं. आपल्याकडे? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार संपला, मग थोडा काळ नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं, १९७४ पासून 'पद्मिनी', आणि ही गाडी २००० सालापर्यंत बनत राहिली. जाळी बदलली, दिवे बदलले, डॅशबोर्ड बदलला. पण सांगाडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच. आमच्या भाषेत सांगायचं तर छत्तीस वर्षं चाललेला मेंटेनन्स प्रोजेक्ट. नवीन व्हर्जन नाही, फक्त पॅच :)

कंपनीला बदलायची घाई नव्हती, कारण गिऱ्हाईक रांगेत उभं होतं. गाडी बुक केल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचं. किमतीसुद्धा सरकार ठरवायचं. १९६९ मध्ये सरकारने किमती बांधून दिल्या तेव्हा प्रीमियर ऑटोमोबाईल्स सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि त्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. अशा बाजारात सुधारणा करायचं कारणच काय? १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदललं, तोपर्यंत हे असंच चालू होतं.

ग्राहक म्हणून हा सगळा कारभार वाईटच होता, यात वाद नाही. पण मिस्त्रीच्या नजरेने बघा. त्याच्या हाताखालून पिढीभर एकच गाडी जात राहिली. वडिलांनी १९६८ ची डिलाइट सरळ केली, मुलाने १९९५ ची पद्मिनी. कुठला पत्रा कुठे दुहेरी आहे, मागच्या धडकेत दार कुठे अडकतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी साठून गंज धरतो, हे सगळं पाठ. मॅन्युअल वगैरे नाही. जे ज्ञान आमच्या क्षेत्रात दर तीन वर्षांनी शिळं होतं, ते इथे चाळीस वर्षं चलनात राहिलं. आणि एवढ्या गाड्या मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होत्या की सुट्या भागांचा जुना बाजारही कधी आटला नाही. आमच्या गाडीला दिव्याची काच मिळाली तीसुद्धा मुंबईच्या जुन्या बाजारातूनच.

इथे कोणी विचारेल, विमा नव्हता का? थर्ड पार्टी होता. तो आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. पण तो दुसऱ्याच्या नुकसानासाठी. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा इतक्या जुन्या गाडीला घेतला तरी त्याचं गणित ऐका. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस'. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर बदललेल्या लोखंडी भागाच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. आता चाळीस वर्षांच्या गाडीची विमा-किंमत ती काय असणार? म्हणजे एक डिकी आणि एक कोपरा चेमटला की कागदावर गाडी मेली. प्रत्यक्षात इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतंय, चाकं सरळ आहेत, पण कागद म्हणतो की हिला आता भंगारात द्या. २०२१ पासून तर भंगारात काढायचं रीतसर सरकारी धोरणही आहे.

दुसरं टोक असं की २०२१ च्याच जुलैमध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला वेगळा नंबर मिळतो. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमची पद्मिनी १९८६ ची. म्हणजे २०३६. तोपर्यंत तिला दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभं करून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्याचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,०००. थोडक्यात, एका बाजूला भंगार, दुसऱ्या बाजूला वारसा, आणि मध्ये एक चेमटलेला कोपरा. तो कापून दुसऱ्याच गाडीचा जोडायचा की आहे तोच पत्रा सरळ करायचा, याला त्यामुळे नुसत्या दिसण्यापलीकडचा अर्थ आला. बाबांनी दुसरा पर्याय निवडला. आणि गॅरेजमध्ये दोन महिने जागा अडवायला कोणी तयार नसल्यामुळे काम घरीच करायचं ठरलं.

मिस्त्री आले तेव्हा मला वाटलं होतं लगेच ठोकाठोकी सुरू होईल. पहिला सबंध रविवार त्यांनी हातोडी उचललीच नाही. टेप घेतली, गाडीखाली शिरले, चांगल्या बाजूची मापं घेतली, मग तीच मापं मार लागलेल्या बाजूला. डिकीच्या तोंडाची कोनाकोनी मापं. दाराच्या फटी बोटाने. मी म्हटलं, काका, सुरू कधी करायचं? तर म्हणाले, "घाई कायले करता भाऊ? पत्रा सोताच सांगते मार कुठून आला अन् कुठी गेला थे. जे शेवटी वाकलं, थे आंधी काढा लागते."

हे वाक्य मी तिथेच मोबाईलमध्ये लिहून घेतलं. कारण हे शुद्ध इंजिनियरिंग आहे, आणि कॉलेजात आम्हाला हेच फार कंटाळवाण्या पद्धतीने शिकवलं होतं. पत्रा थोडा वाकवला तर सोडल्यावर परत जागेवर येतो. एका मर्यादेपलीकडे वाकवला तर तसाच राहतो. धडक बसते तेव्हा खरी कायमची दुमड फार थोड्या जागेत पडते. आजूबाजूचा मोठा खोलगट भाग केवळ त्या दुमडीने अडकवून धरलेला असतो. अडाणी माणूस मोठ्या खड्ड्याच्या मधोमध हातोडा घालतो आणि चांगला पत्रा ताणून बसतो. जाणता माणूस दुमड शोधतो, तिला उलट क्रमाने मोकळी करतो, आणि मोठा खड्डा आपोआप 'टप' करून बाहेर येतो. तो आवाज एकदा ऐकावा असा आहे.

पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, हे इथे महत्त्वाचं. जुन्या प्लिमथ-डॉजला खाली जाड लोखंडी चौकट असायची आणि वर बॉडी बसवलेली. फियाट ११०० मध्ये बॉडी हाच सांगाडा. पत्र्याचे डबे एकमेकांना जोडून केलेली पेटी. त्यामुळे मागचा कोपरा आत गेला की नुसता कोपरा जात नाही, डिकीचं तोंड तिरकं होतं, कधी मागच्या दारापर्यंत ओढ जाते. म्हणून आधी पेटी चौकोनी करायची आणि मगच पृष्ठभागाकडे बघायचं.

त्यासाठी ठिकठिकाणच्या मोठ्या वर्कशॉपांत हायड्रॉलिक यंत्रं असतात. आमच्याकडे अंगणातला कडुनिंब होता. गाडीचं नाक मागच्या भिंतीकडे, पुढून एक साखळी जमिनीत गाडलेल्या रुळाच्या तुकड्याला, मागून दुसरी साखळी चेनपुलीला आणि चेनपुली कडुनिंबाला. खोडाला साल सोलू नये म्हणून आधी पोतं गुंडाळलं. ताणलेल्या साखळीवर आईची एक जुनी वाकळ टाकली, कारण साखळी किंवा हूक तुटलाच तर तो गोळीसारखा सुटतो आणि वाकळ त्याचा जोर खाते. आम्हा सगळ्यांना बाजूला उभं केलं, ओढीच्या रेषेत कोणी नाही. मग चेनपुलीचे दात एकेक करून टकटक पुढे. दर दोन-तीन दातांनी थांबायचं, ताणलेल्या अवस्थेतच दुमडीवर हलके ठोके द्यायचे, पुन्हा माप. संध्याकाळपर्यंत डिकीचं तोंड कोनाकोनी जुळलं. आदल्या दिवशी बॅटरी काढून ठेवली होती आणि पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून बाहेर नेली होती. टाकी मागेच असते आणि पुढे ग्यास वेल्डिंगचं काम होतं. घरी हे करू बघणाऱ्यांनी (बघू नका, पण बघणारच असाल तर) यात कंजुषी करू नये.

पुढचे विकांत म्हणजे मठारकाम. आत डॉली, बाहेर हातोडी. मार बसताना काही ठिकाणी पत्रा ताणला गेलेला असतो, म्हणजे त्याचं क्षेत्रफळच वाढलेलं असतं. तो कितीही ठोका, फुगाच राहतो. उलट ठोकून ठोकून कडक होतो आणि शेवटी तडकतो, तार वाकवून वाकवून तुटते तसा. त्यावर उपाय आग. ग्यासच्या टॉर्चने नाण्याएवढा ठिपका लाल करायचा. गरम भाग फुगू पाहतो, पण चहूबाजूंनी थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. मग भोवती पटकन चार ठोके आणि ओलं फडकं. थंड होताना तो आकसतो आणि आजूबाजूचा जादा पत्रा आत ओढून घेतो. म्हणजे ताणलेला पत्रा आगीने आखूड करता येतो! मी दोन्ही सेमिस्टरांत हा विषय पास झालो आहे, पण समजला तो अंगणात.

शेवटी राहतात बारीक उंचवटे. पूर्वी जगभर ते शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूने भरायचे. टिकाऊ काम, पण घासताना शिशाची धूळ छातीत जायची. १९५० च्या दशकात अमेरिकेत पॉलिस्टरची लांबी आली. तिच्यात हार्डनर मिसळला की काही मिनिटांत दगड. सोय झाली, तसा आळसही आला. ठोकायला नको, भरून टाका. जुनी गाडी विकत घेताना चुंबक लावून बघतात ते यासाठीच, जाड लांबीवर चुंबक धरत नाही. आमच्या मिस्त्रींचा नियम सोपा होता: "लांबी कमी, हातोडी जास्त."

मग रंग. इथे मला माझ्या गावाचा एक अनपेक्षित धागा सापडला. आपल्याकडे अजूनही लोक गाडीच्या रंगाला 'ड्युको' म्हणतात. हे मूळ अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव. त्याआधी गाडीला तेलाचे वॉर्निश चढवायचे आणि वाळायला आठवडेच्या आठवडे लागायचे. १९२४ च्या सुमारास ड्युको आला आणि काम काही तासांवर आलं. हा रंग म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि सेल्युलोज कशातलं? तर प्रामुख्याने सरकीवरच्या आखूड लवेतलं. कापूस! पहिल्या महायुद्धात याच कापसापासून तोफांची दारू बनायची, युद्ध संपल्यावर तेच रसायन रंगाकडे वळलं. १८६० च्या दशकात ज्या कापसासाठी इंग्रजांनी वऱ्हाडात रेल्वे आणली, ज्याच्या गाठींवर अकोला-खामगावच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या, त्याच पिकाचं एक रूप आमच्या पद्मिनीच्या पाठीवर फवारलं जात होतं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग कापसाले भाव का नाही राजेहो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ड्युको हवेबाबत लहरी असतो. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. अकोल्याच्या मेमध्ये पारा ४५ च्या वर असताना उलट होतं, फवारा पत्र्यापर्यंत पोचायच्या आतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून मिस्त्री म्हणाले, रंग डिसेंबर-जानेवारीतच. तेवढ्यासाठी गाडी तीन आठवडे प्रायमरवर उभी होती. याच कोरड्या हवेचा फायदाही आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत पद्मिनीचे खालचे पत्रे गंजून जातात, आमच्या गाडीचे अजून शाबूत आहेत. ते शाबूत नसते तर ओढायला काही उरलंच नसतं. एकूण खर्च एका बऱ्यापैकी फोनइतका आला, त्यातली मोठी रक्कम रंगाची.

आता ती न आवडणारी बाजू.

पद्मिनी सरळ करता येते, कारण तिच्यातला पत्रा साधा आणि मऊ आहे आणि तिची रचना अपघाताचा विचार करून केलेलीच नाही. १९५२ मध्ये, म्हणजे फियाट ११०० येण्याच्या आदल्या वर्षी, मर्सिडीजच्या बेला बारेन्यी या इंजिनियरला एका कल्पनेचं पेटंट मिळालं. गाडीचं पुढचं आणि मागचं टोक मुद्दाम चुरगळू द्यायचं, म्हणजे धडकेचा जोर तिथेच जिरतो, आणि मधला माणसांचा डबा मात्र मजबूत ठेवायचा. १९५९ मध्ये या तत्त्वाची गाडी रस्त्यावर आली. म्हणजे आपण जी गाडी २००० सालापर्यंत बनवत होतो, तिच्या जन्माच्या वेळीच तिच्यापेक्षा सुरक्षित गाडी कशी करायची हे जगाला माहीत होतं. आपल्याकडे पुढच्या सीटला बेल्टची सक्ती झाली तीच १९९४ मध्ये. नव्या मॉडेलांना समोरून धडकेची चाचणी २०१७ पासून, आणि भारताची स्वतःची तारांकित चाचणी योजना २०२३ पासून.

'जुन्या गाड्या काय मजबूत होत्या, आताचे डबे बघा, हात लावला की पोचा,' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आजोबा तर रोज म्हणायचे. पण गाडी वाकली नाही तर जोर जातो कुठे? तो आत बसलेल्या माणसात जातो. आजची गाडी स्वतः चुरगळते आणि त्यामुळेच तिची दुरुस्ती महाग असते. तिच्या खांबांत बोरॉनचं अतिकठीण पोलाद असतं. त्याला टॉर्च दाखवली की त्याची ताकद जाते, म्हणून ते तापवायचं आणि ठोकायचं नसतं, सरळ बदलायचं असतं. आमच्या मिस्त्रींची सगळी विद्या तिथे निरुपयोगी आहे, आणि काही ठिकाणी धोकादायकसुद्धा. एखाद्या नव्या गाडीचा खांब कडुनिंबाला बांधून सरळ केला, तर ती दिसेल झकास, पण पुढच्या धडकेत वागेल भलतंच. मी स्वतः महामार्गावर नवीच गाडी घेऊन जातो. २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस बुकात विक्रम झाला, तोच हा रस्ता. त्यावरच्या आजच्या वेगांना १९५३ ची रचना तोंड देऊ शकत नाही. पद्मिनी आता गावातल्या गावात, रविवारी सकाळी, राजराजेश्वराच्या देवळापर्यंत.

मग हे ज्ञान मेलं तर मेलं, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत गाडीचे फोटो आले, आठवणी आल्या. या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही. आमचे मिस्त्री साठीचे आहेत. दोन्ही मुलं दुसऱ्या कामात आहेत आणि ते बरोबरच आहे, कारण या कामात पाठ जाते, फुप्फुस जातं आणि पैसे मिळतात ते गाडीवाल्याच्या मर्जीने. त्यांच्याकडे कुठलंही सर्टिफिकेट नाही. पण २०३६ मध्ये जेव्हा आमच्या गाडीसारख्या गाड्या 'वारसा' म्हणून नोंदवायला लोक रांगेत उभे राहतील, तेव्हा मूळ पत्रा मूळ रूपात राखणारा हात लागेल, आणि तो यूट्यूब बघून तयार होत नाही. निदान आपल्या जातीचा इंजिनियर तर नाहीच.

म्हणून मी एक साधं काम केलं. त्या सगळ्या विकांतांत घेतलेली मापं एका स्प्रेडशीटमध्ये भरली: चांगल्या बाजूची, मार लागलेल्या बाजूची, ओढण्याआधीची आणि नंतरची. डिकीच्या तोंडाची कोनाकोनी मापं, दाराच्या फटी, मागच्या चाकापासूनची अंतरं. मिस्त्रींनी कुठली दुमड कुठल्या क्रमाने काढली त्याचे फोटो, आणि त्यांच्याच आवाजात त्यामागचं कारण. कंपनीची मॅन्युअल सापडतात, पण त्यात कारखान्यातली नवी गाडी असते, ठोकलेली नसते. तुमच्या घरी, काकांकडे, गावच्या वाड्यात एखादी अँबेसेडर किंवा फियाट उभी असेल आणि ती सरळ करणारा माणूस अजून हयात असेल, तर पुढच्या सुट्टीत टेप आणि वही घेऊन त्याच्याशेजारी बसा. काम नसलं तरी चालेल. चहा सांगा आणि विचारा, काका, मागून ठोकली तर आधी कुठे बघता?

आमच्या शीटमध्ये सध्या एकाच गाडीचा एकच कोपरा आहे. पुढच्या खेपेला मिस्त्री उजव्या बाजूचीही मापं सांगणार आहेत, न ठोकता :)